न आठवलेला फोन

"दूध कोनी पिधं?" मंगलाबाईने रिकामं पातेलं उखासमोर धरलं.

उखा ओट्यावर बसून दात घासत होता. त्याने पातेल्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "मांजरनी पिधं व्हई."

"मांजर झाकन काढीसन पेस? आनि साखर टाकीसन?"

मोरीजवळ एक कप पडला होता. त्याच्या बुडाशी साखर चिकटली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या.

"मी तर रातले उठनाच नही," उखा म्हणाला.

"तुम्ही उठनात. मी मन्हा डोयानी देखं. गॅसजोडे उभा व्हतात. मी हाक मारी, तुम्ही हूं बोलनात, मंग जाईसन पडी गयात." मंगलाबाई त्याच्यासमोर खाली बसली. "त्या गोया बंद करा. मले भेव लागस."

उखा हसला, पण ते हसू त्याचं त्यालाच खरं वाटलं नाही. असं पहिल्यांदा घडत नव्हतं. मागे नवापूरच्या साडूचा फोन आला होता. मुलाच्या साखरपुड्याला नक्की येतो, असं उखाने त्याला सांगितलं म्हणे. उखाला तो फोन आल्याचंच आठवत नव्हतं. साखरपुड्याला कोणी गेलं नाही आणि साडू अजून बोलत नव्हता. तेव्हा उखाने साडूलाच खोटं ठरवलं होतं. आता घरातल्या बाईला खोटं कसं ठरवायचं?

उखा पाटील कळसाडीबाहेरच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर होता. त्या उपकेंद्राला गावात सगळे सबस्टेशन म्हणत. ऊस, कापूस, केळी, सगळ्यांचं पाणी तिथल्या बटणांवर अवलंबून. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची, एक आठवडा रात्रीची, अशी वीसेक वर्षं गेली. तरुणपणी तो कुठेही झोपायचा. खुर्चीत, बसच्या दांडीला धरून, लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना. पंचेचाळिशी ओलांडली आणि झोप निघून गेली. थोडी थोडी नाही, एकदमच गेली.

झोप न येणं हा काही आजार आहे असं गावात कोणी मानत नव्हतं. कोणी तळपायाला तूप चोळायला सांगितलं, कोणी दुधात जायफळ उगाळून दिलं. एकाने सांगितलं, शेतात दोन तास कुदळ मार, आपोआप झोपशील. उखाने कुदळही मारून पाहिली. अंग मोडून आलं, पण डोळा लागला नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. जेवताना घास हातातच राहायचा. कोणी साधं काही विचारलं तरी तो अंगावर जायचा. आपण आतून हळूहळू सडतो आहोत, असं त्याला वाटायचं, आणि हे कोणाला सांगावं तर ऐकणारा जांभई द्यायचा. त्या जांभईचाही त्याला राग यायचा.

शेवटी मंगलाबाई त्याला शहाद्याला डॉक्टर चारुलता मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमने बरंच विचारलं आणि थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. "संपल्या की मला भेटायचं," त्या म्हणाल्या. "परस्पर घ्यायच्या नाहीत. या गोळ्यांची सवय लागते."

पहिली गोळी घेतली त्या रात्री उखा झोपला. सकाळी उठला तेव्हा उशी लाळेने ओली झाली होती. ती ओली उशी हातात धरून तो रडला. मंगलाबाईलाही रडू आलं. त्या दिवशी तिने पुरणपोळी केली.

गोळ्या संपल्यावर तो मॅडमकडे गेला नाही. गेलो तर बंद करतील, ही भीती होती. स्टँडजवळ नवनीतचं मेडिकल होतं. नवनीत ओळखीचा.

"चिठ्ठी शे का, दादा?" नवनीतने पहिल्यांदा विचारलं होतं.

"घर ऱ्हायनी."

"पुढला वखतले आना." त्याने पाकीट पुढे सरकवलं. पुढच्या वेळी त्याने विचारलं नाही.

एक गोळी पुरेनाशी झाली, तेव्हा उखा दीड घेऊ लागला, मग दोन. झोप यायची, पण ती झोप नव्हती, कोणी पोत्यात घालून तोंड बांधावं तसं ते होतं. सकाळी जीभ जड, पाय जड, आणि डोक्यात धुकं. ते धुकं विरायला दुपार व्हायची. तरीही गोळ्यांशिवाय राहण्याचा विचार आला की तो खिशातलं पाकीट चाचपून पाहायचा.

चैत्रातली ती सकाळ. उखाची सकाळची पाळी होती. नेहमीच्या दोन गोळ्या घेऊनही रात्रभर झोप आली नव्हती. ड्यूटीवर जायला थोडा वेळ राहिला असताना, निदान तेवढा वेळ तरी डोळा लागावा म्हणून त्याने आणखी एक घेतली. मंगलाबाईला सांगितलं नाही. तिने उठवलं तेव्हा तो उठला, चहा प्याला, शर्टाची बटणं लावली आणि मोटारसायकलवर बसून गेला. हे सगळं मंगलाबाईने नंतर सांगितलं. त्याला स्वतःला आठवत होतं ते एवढंच, की आपण सबस्टेशनच्या खुर्चीत बसलो आहोत आणि फोन वाजतो आहे.

फोन गावातल्या अमृत पाटलाचा होता, घरून केलेला. "उखाभाऊ, आमना फीडर कवय चालू व्हई? केयले पानी देवानं शे. ऊन चढी ऱ्हायनं."

उखाने पॅनेलकडे पाहिलं. कळसाडीचा फीडर, म्हणजे गावाकडे जाणारी मुख्य लाइन, बंद होता. का बंद होता ते त्याला सुचलं नाही. काम चालू असलं की लाइन चालू-बंद करणाऱ्या ब्रेकरच्या दांड्याला लाल पाटी अडकवायची असते. पाटी नव्हती. वाऱ्याने उडाला असेल फीडर, उडतो कधी कधी, असं त्याला वाटलं. त्याने ब्रेकर बसवून लाइन चालू केली.

धाडकन आवाज झाला आणि ब्रेकर उडाला.

त्याने थोडं थांबून तो पुन्हा बसवला. पुन्हा उडाला.

थोड्याच वेळात बाहेरून मोटारसायकल आली. एक माणूस फाटकातूनच ओरडत होता. "बंद करा, बंद करा. भटू खांबवर शे."

भटू वायरमन. उखा आणि तो एकाच वर्षी नोकरीला लागले होते. एका डब्यातलं जेवले होते, एकमेकांच्या मुलांच्या जावळाला गेले होते. अमृतच्या शेताच्या बांधावरच्या खांबावर दोन तारा जोडणारा जंप तुटला होता. तो बांधायला भटू चढला होता.

उखा पोचला तेव्हा लोकांनी भटूला खाली उतरवलं होतं. पट्टा होता म्हणून तो पडला नव्हता, लटकला होता. उजवा हात कोपरापर्यंत काळा झाला होता. जळक्या कापडाचा आणि कसलासा वास येत होता. भटूचे डोळे उघडे होते. त्याने उखाकडे पाहिलं. जीपमध्ये घालून त्याला शहाद्याला नेलं, आणि तिथून सुरतेला.

भटू वाचला. हात वाचला नाही. खांद्याच्या थोडा खाली तो कापावा लागला.

दोन दिवसांनी इंजिनियर धीरजने उखाला बाजूला घेतलं. धीरज कोल्हापूरकडचा, नोकरीत नवा. वाईट माणूस नव्हता.

"उखाभाऊ, चौकशी येणार," तो हळू आवाजात म्हणाला. "भटूभाऊंनी खांबावर चढायचं परमिट तुमच्याकडून घेतलं होतं का?"

"परमिट नही दिधं मी." उखाला आठवत होतं तेच त्याने सांगितलं. "त्यान्हा फोनच नही उना."

"फोन आला होता. त्यांच्या मोबाइलवर दिसतोय. पण फोनवर काय बोलणं झालं ते कोणाला माहीत? कागदावर परमिट नाही, आणि आलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळीही भटूभाऊंनी तारेला टाकलेली नव्हती. ती त्यांची चूक आहेच." धीरजने चष्मा काढून पुसला. "तुम्ही म्हणा, फोन आला, पण कामाचं काही बोलणं झालं नाही. सगळ्यांचंच निभावेल."

उखा ऐकत राहिला. भटूचा फोन आला होता. म्हणजे आपण तो उचलला होता. आपण भटूशी बोललो होतो. त्याने डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. विसरलेल्या गोष्टीची निदान जागा तरी रिकामी दिसते. इथे तेवढंही नव्हतं.

संध्याकाळी तो तापीबाईच्या घरी गेला. सबस्टेशनची झाडलोट तापीबाई करायची. त्या सकाळी ती तिथे होती. ती अंगणात शेळीला पाला घालत होती.

"तापीबाई, त्या दिन मी फोनवर बोलनू का कोनशी?"

तापीबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाला मोडू लागली. "मले कसाले इचारतस, भाऊ?"

"मले याद नही."

"काय याद नही?"

"काहीच याद नही. तुन्ही आन."

पाला मोडायचा थांबवून ती बराच वेळ त्याचा चेहरा पाहत राहिली. तो खोटं बोलत नाही हे तिला कळलं, आणि त्यानेच ती जास्त घाबरली.

"तुम्ही भटूभाऊशी बोलनात," ती म्हणाली. "चांगलं बोलनात. लाईन बंद शे, चढ, असं म्हनात. मी झाडू मारी ऱ्हायनी व्हती, मन्हा देखता तुम्ही आदी उठीसन बटन बंद करं. पाटी तेवढी नही लाई. मंग खुर्चीमा बसनात आनि मान खाले पडनी तुमनी." तिने पदराने हात पुसले. "मी कोनले सांगं नही. तुम्ही म्हनशात तर सांगाव बी नही."

"सांगजो," उखा म्हणाला. "कोनी इचारं तर सांगजो."

घरी येऊन त्याने मंगलाबाईसमोर गोळ्यांची सगळी पाकिटं काढली. कपाटातली, मोटारसायकलच्या डिकीतली, बनियनच्या घडीत लपवलेली. मंगलाबाई बघत राहिली. इतकी असतील असं तिला वाटलं नव्हतं. उखाने ती सगळी परसातल्या शोषखड्ड्यात टाकली.

"आते मरी गऊ तरी गोयी लेवाव नही," तो म्हणाला.

पुढचे दिवस कसे गेले ते मंगलाबाईच सांगू शकेल. त्याचे हात थरथरायचे. घाम फुटायचा. भिंतीवरची पाल मोठी होताना दिसायची. दाराशी भटू उभा आहे, असं तो म्हणायचा, आणि मंगलाबाई दाराशी जाऊन कोणी नाही म्हणून दाखवायची. झोप तर नव्हतीच, पण आता साधं बसणंही नव्हतं. तो अंगणात फेऱ्या मारायचा आणि कपाळ हाताने बडवायचा.

चौकशीच्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. टेबलापलीकडे तीन साहेब होते, कडेला धीरज.

"फोनवर काय बोलणं झालं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मला आठवत नाही, साहेब."

धीरजने सुटकेचा श्वास सोडला. उखाला तो ऐकू आला. इथेच थांबलं तरी चाललं असतं. ते उत्तर खरंही होतं.

"मला आठवत नाही, कारण मी झोपेच्या गोळ्या खाऊन ड्यूटीवर आलो होतो," उखा म्हणाला. "वर्षभर खातोय. त्या दिवशी पहाटेही खाल्ली. भटूने परमिट मागितलं, मी दिलं, लाइनही बंद केली. मग विसरलो आणि चालू केली. तापीबाईने ऐकलंय. भटूची चूक नाही."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने पेन खाली ठेवलं. उखाला आणखी काही सांगायचं होतं. दोनदा चालू केली, हे सांगायचं होतं. एकदा उडाल्यावर मी पुन्हा बसवली साहेब, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याची जीभ वळली नाही. टेबल तिरकं झालं. तो खुर्चीसकट खाली कोसळला आणि त्याचं अंग ताडताड उडू लागलं.

शुद्ध आली तेव्हा समोर चारुलता मॅडम होत्या.

"गोळ्या एकदम बंद केल्या?" त्यांनी विचारलं.

त्याने मान हलवली. जीभ चावली गेली होती, नीट बोलता येत नव्हतं.

"इतके दिवस इतक्या गोळ्या घेतल्यावर एका दिवसात सोडता येत नाहीत, उखाभाऊ. फीट येते. माणूस दगावतोसुद्धा." त्या रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या दिसत होत्या. "घेतल्या तेव्हा मला विचारलं नाही. सोडतानाही नाही."

मंगलाबाई पायाशी बसली होती. "मंग आते, मॅडम? परत गोया देवान्या त्यास्ले?"

"द्यायच्या. पण मी सांगेन तेवढ्याच, आणि तुमच्या हाताने. हळूहळू कमी करत न्यायच्या. अर्धी, मग पाव. महिने लागतील."

"आणि झोप?" उखाने कसंबसं विचारलं.

"येईल. पूर्वीसारखी लगेच नाही येणार. मध्ये काही दिवस फार वाईट जातील. ते काढावे लागतील."

उखाने भिंतीकडे तोंड केलं. ज्या गोळीने भटूचा हात नेला, तीच पुन्हा तोंडात घ्यायची होती, आणि ती घेताना घसा आशेने ओला होणार होता, हे त्याला माहीत होतं. त्याला स्वतःची किळस आली. मेलो असतो तर बरं, असं तो म्हणाला नाही, पण मंगलाबाईने ते ऐकल्यासारखा त्याचा पाय घट्ट धरला.

नोकरीवरून त्याला निलंबित केलं. गोळ्यांचा डबा मंगलाबाईने स्वतःच्या पेटीत कुलपात ठेवला. ती रोज जेवणानंतर एक तुकडा तळहातावर द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. तो तुकडा लहान होत गेला. कधी घटकाभर डोळा लागायचा, कधी तेवढाही नाही. लोक भेटले की नजर चुकवायचे. नवनीतच्या दुकानावरून जाताना उखा रस्ता बदलायचा. नवनीतची लाज वाटायची म्हणून नव्हे. आत जाऊ, ही धास्ती होती.

भटू सुरतेहून घरी आल्याचं कळलं, तरी तिकडे जायचं धाडस होईना. शेवटी एका दुपारी तो निघाला. मंगलाबाई सोबत येते म्हणाली. त्याने नको म्हटलं.

भटूच्या अंगणात पत्र्याच्या पडवीखाली खाट होती. भटूची बायको शांतीबाई दारात धान्य निवडत होती. उखाला पाहून ती उठली आणि आत गेली. भटू खाटेवर बसला होता. खूप बारीक झाला होता. शर्टाची उजवी बाही गुंडाळून पिनेने टाचली होती.

"बस," भटू म्हणाला.

उखा स्टुलावर बसला. काय बोलायचं ते त्याने वाटेत जमवलं होतं. त्यातलं काही उरलं नव्हतं.

"तू साहेबस्ले बठ्ठं खरं सांगं म्हने," भटू म्हणाला.

"हा."

"मी बी साखयी टाकी नव्हती. दोन मिनिटनं काम शे, असं वाटनं मले."

"ते नको सांगू," उखा म्हणाला. "तुन्ही काही चूक नही."

भटूने डाव्या हाताने बाहीची पीन नीट केली. ते जमायला त्याला वेळ लागला. उखाचा हात मदतीला पुढे झाला आणि मध्येच थांबला.

"तुले खरंच याद नही?" भटूने विचारलं.

"नही."

"काईच नही?"

"तुन्हा फोन उना, एवढं बी नही. तापीबाईनी सांगं."

भटू अंगणाकडे पाहत राहिला. "मी परमिट नंतर मांगं," तो म्हणाला. "आदी तुले दामिनीनी खबर सांगी."

दामिनी त्याची मुलगी. नर्सिंग शिकली होती.

"कसानी खबर?"

"तिले सुरतमा नोकरी लागनी व्हती. त्याच दिन सकायमा तिले फोन उना. मी खांबखाले पोचनू आनि पहिले तुले फोन लावा. घरनासवाय कोनलेच सांगं नव्हतं, तुलेच सांगं. तू इतला खुश व्हयना. म्हने, मन्हा खांदावर बशीसन जत्रा देखेल पोर शे ती, पेढा मीच वाटसू. मी म्हनं, वाट. मंग लाईन बंद कराले सांगं. तू म्हने, बंद शे, चढ बिनघोर."

उखाने दोन्ही हातांनी गुडघे धरले. दामिनीला जत्रेत खांद्यावर घेतलं होतं, ते त्याला आठवत होतं. तिच्या पायातले चाळ छातीवर वाजायचे, तेही आठवत होतं. भटूला आनंदाची बातमी सांगायला पहिला उखा आठवला होता, आणि तो फोन मात्र उखाच्या मनात कुठे राहिला नव्हता.

"गयी का ती? नोकरीवर?"

"नही. मन्हा हातनी पट्टी बांधाले, सोडाले तीच व्हती. त्या दवाखानावालास्नी थांबसूत म्हनं शे पुढला महिनालोंग. देखू."

आत शांतीबाईने भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"भटू," उखा म्हणाला, "मले परत सांग."

"काय?"

"फोनवर तू काय सांगं, मी काय सांगं. पहिलेथून."

भटूने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खाटेवर आडवा होऊन त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या वेळी त्याला आणखी काही काही आठवलं. उखाने दामिनीच्या पगाराचं न विचारता राहायची सोय विचारली होती. भटूने उन्हाची तक्रार केली होती. सांगता सांगता भटूचा आवाज बारीक झाला, एक वाक्य अर्ध्यावर राहिलं, आणि तो झोपला. औषधांनी नव्हे, नुसता थकून, तोंड थोडं उघडं ठेवून. श्वास संथ चालला होता.

उखाला हेवा वाटला. या माणसाचा हात आपण घेतला आणि आता त्याच्या झोपेकडे आपण आशाळभूतासारखे पाहतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने मान खाली घातली. उठून जावं असं त्याला वाटलं. पण उन्हाची तिरीप पत्र्याच्या कडेवरून भटूच्या डोळ्यांवर आली होती आणि त्याच्या पापण्या हलू लागल्या होत्या. उखाने आवाज न करता स्टूल उचललं आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. त्याची सावली भटूच्या तोंडावर पडली.

शांतीबाई दारात येऊन उभी राहिली. तिने दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा सुपाशी बसली. ऊन सरकलं, तसा उखा स्टूल घेऊन थोडा पुढे सरकला.